दोन म्हणा

परवा नगरच्या सावेडीतल्या दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्यात भिंग बसवलं. चहा करून प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तो पोरगेला डॉक्टर माझ्यासमोर दोन बोटं धरून म्हणाला, "आजी, किती?"

मी म्हटलं, "दोन. पण एवढ्यावर सोडू नकोस बाबा. आणखी दाखव. तीन दाखव, चार दाखव, मधेच नुसती मूठ दाखव."

तो हसायला लागला. माझी लेक मागं उभी होती. ती म्हणाली, "आई, दिसतंय ना तुला? मग कशाला त्यांचा वेळ घेतेस?" मी तिच्यावर खेकसलेच. म्हटलं, "गप बस, तुला काय माहीत?" आणि खरंच तिला काही माहीत नाही. पन्नास वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, तो बिचारा न कळताच गेला.

लग्न होऊन मी तिसगावजवळच्या एका वस्तीवर नांदायला आले तेव्हा माझ्या सासूबाईंचा डावा डोळा गेलेलाच होता. तिसगावच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. 'पडदा काढून देतो' म्हणून त्यानं डोळ्यात सुई घातली आणि डोळाच घालवला. मेल्याला पुढच्या बाजारी शोधलं तर तो कुठला सापडतोय! उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. मी आले तेव्हा त्यांना माणसाचा आकार तरी कळायचा. मला मुलगी झाली तोवर नुसता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. स्वभावानं त्या माझ्या अगदी उलट. मी तोंडाळ, पटकन चिडणारी, आणि त्या एक शब्द बोलायच्या आधी चारदा विचार करणार. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी बाळंतपणात गेली होती. एकोणीस वर्षांची पोर. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. फोटो काढायला नगरला जावं लागायचं, आणि एवढ्यासाठी नगरला कोण जातंय?

माझी मुलगी झाली आणि तिला बघायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच म्हणायला लागली, "अगं बया! म्हातारे, ही तर तुझी लेकच परत आली की गं!" कपाळ तेच, हनुवटी तीच, केस तसेच कुरळे. आत्याबाई ऐकून घ्यायच्या. बायका गेल्या की पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावरनं बोटं फिरवायच्या, केसांत हात घालायच्या आणि मला म्हणायच्या, "लोकांचं काय, लोक तोंडापुरतं बोलत्यात. मला एकदा माझ्या डोळ्यानं बघायचंय. बोटांना काय कळतंय?"

एवढं एकच मागणं होतं त्यांचं. डोळा यावा तो काही वाती करायला किंवा तांदूळ निवडायला नको होता त्यांना. नातीचं तोंड बघायचं होतं आणि लेकीशी ताडून पाहायचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचं असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. नगरातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात फुकट करतात असं कळलं. तो दवाखाना आता नाही, तिथं दुकानं झाली. ज्वारी हुरड्यात आलेली, त्यामुळं नवऱ्याला राखण सोडून येता येईना. मग आत्याबाईंबरोबर मीच गेले. मुलगी दीड वर्षाची, अंगावर पिणारी. पण लहान पोरं आणायची नाहीत असं दवाखान्यानं बजावलं होतं. तिला चुलतसासूकडं ठेवलं आणि निघाले. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्याबाईंपेक्षा मीच जास्त रडतेय.

बायकांच्या खोलीत दहा खाटा होत्या आणि खाली सतरंजीवर सात-आठ जणी. ऑपरेशन झालं की डोळे बांधायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि पाच दिवस उताणं पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही, हसायचंही नाही. पट्ट्या उकळून वाळत घालायच्या आणि त्याच पुन्हा बांधायच्या. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक आया. बाकी सगळं आम्ही बरोबर आलेल्या बायकाच करायचो. पाजणं, पुसणं, भांडं देणं, सगळं. डॉक्टर हात राखून काम करणारा नव्हता, पण तो आठवड्यातून दोनच दिवस असायचा. बाकीचे दिवस दुसऱ्या गावी जाऊन तिथली ऑपरेशनं करायचा.

आत्याबाईंच्या शेजारच्या खाटेवर खर्डा गावची एक म्हातारी होती, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. डोळे बांधलेले, डोकं पिशव्यांत अडकवलेलं, पण तोंडाचा पट्टा चालू. "काय गं, तुझी सून लई गोरी हाय का? आवाजावरनं तर गोरी वाटती," असं ती आत्याबाईंना विचारायची, आणि आत्याबाईंना हसू आवरेना. मी ओरडायचे, "खाला, हसवू नका हो, टाके तुटतील!" त्यावर ती म्हणायची, "या अल्ला, ही गोरी न्हाई. एवढं वरडनारी गोरी नसती."

सहाव्या दिवशी पट्टी सुटायची. सिस्टर डोळ्यासमोर बोटं धरायची आणि विचारायची, "किती बोटं?" ज्याला सांगता आली त्याच्या नावापुढं वहीत 'बोटे मोजते' असं लिहायची, आणि आठव्या दिवशी त्याला घरी सोडायचे. ज्याला सांगता आली नाहीत त्याला ठेवून घ्यायचे, मग किती दिवस ते देवाला ठाऊक. नीट दिसणार ते दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा मिळाल्यावर, तोवर अंधूकच दिसणार, हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं.

मी रोज सकाळी ते बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की सिस्टर कायम दोनच बोटं दाखवते. एका हातात टॉर्च, काखेत वही, दुसऱ्या हाताची दोन बोटं. सतरा बायका आणि पलीकडं तेवढेच पुरुष. तिला तरी कुठं वेगवेगळं सुचणार?

पाचव्या दिवशी आमच्या वस्तीवरचा एक माणूस नगरला आला होता, तो दवाखान्यात डोकावला. म्हणाला, "पोरगीला ताप हाय. डोक्यात गळवं झाल्यात. काय खात न्हाई, नुसती तुझ्या नावानं रडती." एवढं सांगून तो आपल्या कामाला निघून गेला. माझं मन तिथं लागेना. दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती, मोरीत जाऊन पिळून टाकायचे आणि तिथंच बसून रडायचे. मला घरी जायचं होतं. दुसरं काही म्हणता काही सुचत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, डोळा आतनं ठणकतोय गं. कालपास्नं."

मी म्हटलं, "डोळा कापलाय आत्याबाई, ठणकणारच. सगळ्यांचाच ठणकतो." हे मी डॉक्टर झाल्यासारखं सांगितलं. कुठल्या तोंडानं सांगितलं कुणास ठाऊक.

 मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "सिस्टरनं किती बोटं विचारलं, की दोन म्हणा."

"आन् तीन दावली तर?"

"नाही दाखवत. मी रोज बघतेय. दोनच असतात. पोरगी तिकडं तापानं फणफणलीये. तुम्ही दोन म्हणा, की परवा आपण घरी."

 चार वेळा विचार करणारी बाई, त्या दिवशी किती वेळा विचार केला असेल कोण जाणे.

त्या दिवशी डॉक्टर नव्हता. सिस्टर आली. माझ्याच वयाची होती, विशी-बाविशीची, रात्रपाळी करून डोळे तारवटलेले. टॉर्चचे सेलही उतरले होते. तिनं पट्टी सोडली. डोळा लाल होता, पण पट्टी सुटली की लाल तर सगळ्यांचाच दिसायचा. सिस्टरनं हात वर केला, तिची बोटं अजून नीट उघडलीही नव्हती, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "दोन."

सिस्टर हसली. "वा आजी! माझ्यापेक्षा तल्लख डोळा झाला की तुमचा. दुखतंय का?"

आत्याबाईंनी मी उभी होते त्या बाजूला मान वळवली. मी काहीच बोलले नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई."

सिस्टरनं बोटं उघडायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं, हे मी बघितलं होतं. मी बघितलं आणि खाली मान घालून पिशवी भरायला घेतली.

मग खालाची पाळी आली. सिस्टरनं दोन बोटं धरली. खाला म्हणाली, "दोन न्हाई आन् चार न्हाई. नुसतं पांढरं पांढरं दिसतंय. आन् रातभर दुखलंय."

"आजी, नीट बघा तरी."

"बघितलं की. खोटं कशाला बोलू बाई? डोळा माझा हाय."

सिस्टर वैतागली. आता हिच्यासाठी डॉक्टरला निरोप धाडायचा, इंजेक्शनं सुरू करायची. मला खालाची कीव आली. म्हटलं, अडकली बिचारी. तिच्या तोंडाळपणाला एवढी अक्कल नाही, असंही मनात आलं. आज ते आठवलं की माझंच मला हसू येतं आणि लगेच रडू येतं.

आठव्या दिवशी आम्ही एसटीनं तिसगावला आलो, तिथून बैलगाडीनं वस्तीवर. वाटेत आत्याबाई एका हातानं माझा दंड आणि एका हातानं हिरवी पट्टी लावलेला डोळा धरून बसल्या होत्या. गाडी दणकली की त्यांच्या बोटांचा दाब वाढायचा, पण तोंडातून हूं की चूं नाही.

अंगणात सगळी वस्ती जमली होती. माझ्या नवऱ्यानं मुलीला उचलून आणलं. मी बघतच राहिले. पोरीच्या डोक्यावर एक केस नव्हता. गळवं फार चिघळली म्हणून चुलतसासूनं न्हाव्याला बोलावून गोटा करून घेतला होता, आणि डोक्याला हळद लावून ठेवली होती. मी हात पुढं करणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "थांब, आधी आईला बघू दे." त्यानं पोरीला आत्याबाईंच्या समोर उंच धरलं. बायका कौतुकानं पुढं सरकल्या. आत्याबाईंनी पट्टी वर केली. तोंड पोरीकडं केलं. त्यांना काहीतरी बोलायलाच हवं होतं, एवढी माणसं वाट बघत होती.

"व्हय गं बाई," त्या म्हणाल्या. "तिच्यावानीच हाय. केस बी आगदी तसेच, कुरळे."

 अंगणात एवढी शांतता झाली, की आत्याबाईंना कळलं काहीतरी चुकलंय. त्यांनी हात पुढं केला, तो पोरीच्या बोडक्या डोक्यावर पडला. तिथंच राहिला. मग माझा नवरा घाईघाईनं म्हणाला, "चष्मा यायचा हाय अजून. चष्मा आल्यावर नीट दिसतंय म्हनले." सगळ्यांनी "व्हय व्हय, चष्मा आल्यावर," केलं आणि आपापल्या घरी गेले.

त्याच दिवशी परत फिरायला हवं होतं. मला कळलं होतं. पण पोरगी अंगाला चिकटली ती सुटेना, ताप उतरेना. आणि खरं सांगू का? मला भीती वाटत होती. परत गेले तर सिस्टर विचारणार, मग दोन कसं म्हणालात? मी दोन दिवस 'चष्मा आल्यावर' असंच मनाशी घोकत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंची पापणी टम्म सुजली होती आणि पट्टी पिवळी झाली होती. मग मात्र नवऱ्यानं गाडी जुंपली.

डॉक्टर होता त्या दिवशी. त्यानं पापणी उचलून पाहिलं. मग विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"पट्टी सोडायच्या आधीपास्नं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं वही मागवली, पान काढलं, मोठ्यानं वाचलं. "बोटे मोजते. वेदना नाही." मग सिस्टरला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत तिला असं काही बोलला, की माझेच कान जळायला लागले. म्हणाला, "तेव्हाच कळलं असतं तर मी हा डोळा वाचवायची धडपड केली असती. ती शेजारची बाई वाचली ना? तू नीट विचारलंच नाहीस. एकदा दोन दाखवली, दुसऱ्यांदा तीन दाखवायला काय झालं होतं तुला?" ती पोरगी नुसती उभी.  एवढंच म्हणाली, "त्या दोन म्हणाल्या, सर."

मी तिथं होते. हाताच्या अंतरावर होते. माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता. 'मी शिकवलं' हे दोन शब्द होते, पण ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. एरवी गावभर वाजणारं माझं तोंड!

"डाक्टर, तिला बोलू नगा," आत्याबाई म्हणाल्या. "तिचा काय दोष न्हाई. मला दिसत नव्हतं. मीच अंदाजानं बोलले. मला घरी जायची घाई झालती."

नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, "काय केलंस गं आई हे?" त्या म्हणाल्या, "चुकलं बाबा." मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिले. लोकांना वाटलं सुनेला सासूचा केवढा कळवळा.

दहा दिवस इंजेक्शनं दिली. डोळा आत बसत गेला.

दीड महिन्यानं पोस्टानं कार्ड आलं. वहीतलं पान कुणी दुरुस्त केलं नव्हतं. आत्याबाईंच्या नावानं छापील ओळ होती, चष्मा घेण्यासाठी समक्ष यावे. नवरा कार्ड फाडायला निघाला, मी ते घेतलं. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून नगरला गेले. सिस्टरला भेटून सांगायचं होतं. वाटेत सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं ते. तिथं गेले तर दुसरीच सिस्टर होती. पहिली काम सोडून गावी गेली म्हणाली. कुठल्या गावी ते तिला माहीत नव्हतं.

ओसरीवर चष्मे वाटायचं चाललं होतं. खाला तिथं बसली होती, डोळ्यांवर जाड भिंगं, त्यामागं डोळे एवढाले मोठे. मी दवाखान्यातल्या आयाबाईशी बोलले तो आवाज तिनं ओळखला. उठून जवळ आली, माझ्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि खदाखदा हसली. "अगं, तू तर माझ्याहून काळी हायेस!" मग विचारलं, "सासू कुठं हाय तुझी? चष्म्याला न्हाई आली?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत. येतील नंतर."

तिनं त्या मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली. मी कार्ड पदरात लपवून तिथनं निघाले.

त्यानंतर आत्याबाई बारा-तेरा वर्षं जगल्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांचं सगळं केलं, न्हाऊ-माखू घातलं, हात धरून रानात नेलं. लोक माझं उदाहरण द्यायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या वर्षी त्या बाजेवरच असायच्या. एका दुपारी माझी मुलगी अंगणात केस विंचरत बसली होती, तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची झाली होती. कुरळे केस, फणी अडकायची आणि ती चरफडायची. आत्याबाई ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "आता मोठी झाली. चेहरा भरला आसंल. खरं सांग पोरी, माझ्या लेकीवानी दिसती का?"

मी म्हटलं, "दिसते की आत्याबाई. अगदी तश्शीच."

 त्या ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. "तू कवा बघितलीस तिला?"

मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागले. "परत दोनच का गं?" त्या म्हणाल्या.

मी बाजेवर डोकं टेकून रडले. म्हटलं, "आत्याबाई, मीच शिकवलं तुम्हाला. मी गप्प बसले त्या दिवशी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ठाव हाय की. माझ्याच कानात सांगितलं हुतंस. तुझं तान्हं पोर हुतं घरी." मग म्हणाल्या, "तिला बोलव हितं."

मुलगी अर्धी वेणी हातात धरून आली. आत्याबाईंनी तिला खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. कपाळ, भुवया, नाक, गाल, हनुवटी. पुन्हा वर, पुन्हा खाली. पोरीला गुदगुल्या होत होत्या, ती म्हणत होती, "आजी, पुरे की आता." बराच वेळ झाला तरी त्यांची बोटं थांबेनात. मी वाट बघत होते, त्या 'तशीच हाय' म्हणतील म्हणून. त्यांनी तसं म्हणावं असं मला फार वाटत होतं.

त्यांनी हात खाली घेतले. "न्हाई कळत, पोरी," त्या मला म्हणाल्या. "बोटांना न्हाई कळत."

मुलीनं विचारलं, "काय नाही कळत गं आई?" मी तिला म्हटलं, "काही नाही, तू वेणी घाल."